रूढीची साक्ष : नागपूरचे उच्च न्यायालय आणि धर्माचा प्रश्न

नागपूरचे उच्च न्यायालय एकवीस वर्षेही जगले नाही. २ जानेवारी १९३६ च्या बादशाही सनदेने ते स्थापन झाले. त्याच महिन्याच्या ९ तारखेला सर गिल्बर्ट स्टोन या पहिल्या मुख्य न्यायमूर्तींच्या हाताखाली कामकाज सुरू झाले. सनद देणारे पंचम जॉर्ज त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत वारले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे आले. मात्र उच्च न्यायालयाच्या आधीची सुमारे पाऊणशे वर्षे याच शहरात ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट चालले होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, तेव्हापासून प्रांतातला शेवटचा न्याय तिथेच होत असे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी तो भंडारा जिल्ह्याचा पूर्वभाग होता. गोंदिया, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी या झाडीपट्टीतल्या गावांचा दावा आधी भंडाऱ्याला, तिथून नागपूरला आणि पक्षकाराची ऐपत असेल तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाई.

या वाटेने गेलेल्या कज्ज्यांत शेत, बांधी, तळे, कर्ज, वाटणी असे सगळे असे. त्यांच्या तळाशी मात्र एक प्रश्न पुन:पुन्हा निघे आणि तो कोणत्याही शेताच्या किमतीहून मोठा होता. माणसाचा धर्म कशावरून ओळखायचा? ग्रंथात लिहिले आहे त्यावरून, त्याचा समाज पिढ्यान्‌पिढ्या वागत आला त्यावरून, की तो स्वतः सांगतो त्यावरून?

न्यायालयाने हा प्रश्न हौसेने घेतला नव्हता, कायद्याने तो त्याच्या दारी आणून ठेवला. मध्य प्रांत कायदे अधिनियम, १८७५ याच्या पाचव्या कलमाने असे ठरवले की वारसा, विवाह, दत्तक, स्त्रीधन, वाटणी, मृत्युपत्र आणि धार्मिक रूढी किंवा संस्था यांच्याबाबत पक्षकार हिंदू असतील तर हिंदू कायदा आणि मुसलमान असतील तर मुसलमानी कायदा लागावा. एखाद्या वर्गात किंवा घराण्यात त्याहून निराळी रूढी चालत असेल तर ती रूढी मानावी, हेही तिथेच म्हटले होते. सहाव्या कलमात उरलेल्या सगळ्यासाठी एकच आधार दिला होता : न्याय, समन्याय आणि सद्‌सद्विवेकबुद्धी. ज्याला ग्रंथ नाही आणि ज्याची रूढी सिद्ध होत नाही, त्याचा निवाडा न्यायाधीशाने आपल्या विवेकाला स्मरून करायचा.

ग्रंथ, आचार आणि विवेक ही तीन नावे धर्मशास्त्राला नवी नव्हती. मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही धर्माची उगमस्थाने सांगताना श्रुती, स्मृती, सज्जनांचा आचार आणि स्वतःच्या आत्म्याचे समाधान यांची नावे घेतात. वरवर पाहता १८७५ चा कायदा त्याच पायऱ्या इंग्रजी भाषेत मांडतो. फरक अधिकाराच्या मुळाशी आहे. मीमांसकांच्या दृष्टीने आचाराला स्वतःचे बळ नाही. सज्जन तसे वागतात याचा अर्थ तसे सांगणारे वेदवचन कधीतरी होते आणि आता ते हाती नाही, असे अनुमान करून ते आचाराला प्रमाण मानतात. जैमिनीच्या सूत्रांवरील होलाकाधिकरणात हा विचार शेवटपर्यंत नेला आहे. पूर्वेकडचे लोक होळीचा सण करतात. मग त्यामागचे अनुमित वेदवचन केवळ पूर्वेकडच्यांसाठी मानायचे का? मीमांसकांचे उत्तर असे की वेदवचन असेल तर ते सर्वांसाठीच असेल, एका प्रदेशापुरता वेद असू शकत नाही.

इंग्रजी न्यायालयाचे पाऊल याच्या नेमके उलट पडले. त्याच्या लेखी रूढी म्हणजे एका वर्गाची, एका गावाची, एका घराण्याचीच गोष्ट. तिचे बळ तिच्या मागच्या वेदात नसून तिच्या जुनेपणात, निश्चितपणात आणि अखंडपणात होते. ती अवाजवी किंवा सार्वजनिक नीतीला सोडून असता कामा नये, एवढी अट वर होती. १८६८ मध्ये मदुरेच्या कलेक्टरच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले की हिंदू कायद्यात रूढी नीट शाबीत झाली तर ती लिखित वचनावर मात करते. नारदस्मृतीनेही व्यवहार हा शास्त्रापेक्षा बलवान मानला आहे, त्यामुळे हा निर्णय परका वाटू नये. परके होते ते ‘शाबीत झाली तर’ हे शब्द. आचार हा धर्माचा उगम असतो तेव्हा त्याला साक्षीदार लागत नाहीत, तो जगला जातो. न्यायालयात तोच आचार पुरावा होतो, आणि पुराव्याचे ओझे जो त्या आचाराने जगतो त्याच्याच खांद्यावर येते.

झाडीपट्टीत हे ओझे विशेष जाणवणारे होते. इथे गोंड, हलबा, पोवार, लोधी, कोहळी, कुणबी, मरार, महार, ढिवर असे समाज शेजारी शेजारी राहतात. पोवार आणि लोधी उत्तरेकडून आलेले. हिंदू कायद्याचे मात्र प्रदेशानुसार पंथ होते. मराठी मुलखात नवऱ्याची परवानगी नसली तरी विधवा दत्तक घेऊ शके, बनारस पंथात ती परवानगी आवश्यक होती. स्थलांतर केलेले घराणे आपला मूळ प्रदेशाचा कायदा बरोबर घेऊन येते, असे गृहीत प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले होते. त्यामुळे एकाच पांदीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन विधवांना वेगवेगळा धर्म लागू होण्याची शक्यता होती. आणि त्यातला कोणता धर्म कुणाचा, हे ठरवायला घराणे कुठून आले याचा इतिहास कोर्टात उलगडावा लागे. नागपूरचे राज्यही अशाच प्रश्नावर गेले होते, हे इथे आठवावे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. ज्या मुलखात विधवेच्या दत्तकविधीला रूढीचा आणि शास्त्राचा आधार होता, तिथेच हे घडले, आणि त्याच मुलखात पुढे इंग्रजी न्यायालये साध्या रयतेच्या दत्तकांचे निवाडे त्याच शास्त्राने करीत राहिली.

स्त्रियांच्या बाबतीत कायद्याचा हात सर्वांत कठोर पडला तो पाटाच्या, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाच्या, प्रश्नावर. या भागातल्या बहुतेक समाजांत विधवेचा पाट लागे आणि त्याला कोणाची हरकत नसे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने ज्यांच्यात पुनर्विवाह निषिद्ध होता त्यांना मुभा दिली, पण दुसऱ्या कलमात पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. ज्यांच्यात पाट आधीपासून चालत होता त्यांना हे कलम लागते का? अलाहाबादच्या न्यायालयाने नाही म्हटले, कलकत्ता आणि मुंबईच्या पूर्णपीठांनी हो म्हटले. उच्च जातींच्या विधवांवरील अन्याय दूर करण्यासाठी केलेल्या सुधारणेची किंमत मुंबई-कलकत्त्याच्या निर्णयांनी अशा स्त्रियांवर लादली, ज्यांना त्या सुधारणेची गरजच नव्हती. सुधारणेच्या इतिहासात हे पान क्वचितच उघडले जाते.

गोंडांचा प्रश्न याहून मुळाशी जाणारा होता. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे लांबलांबच्या राज्यांतून गोंड जमतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथांतून त्यांची समाजरचना सांगितली जाते. गोंडांची कुळे चार, पाच, सहा, सात अशा देवसंख्येने बांधलेली असतात, आणि ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते परस्परांत लग्न करीत नाहीत. वधूमूल्य द्यायला ऐपत नसलेला तरुण सासऱ्याच्या घरी लमझना म्हणून वर्षे काढतो आणि मग लग्न होते. हे सगळे नियम आहेत, काटेकोर आहेत, आणि त्यातला एकही पोथीत नाही. मग कोर्टाने पाचवे कलम लावायचे की सहावे? गोंड हिंदू आहे का? शिरगणतीचे अधिकारी त्यांची गणना कधी हिंदूंत तर कधी ‘निसर्गपूजक’ अशा वेगळ्या सदरात करीत. न्यायालयांची सर्वसाधारण रीत अशी झाली की आदिवासी समाजाला त्याची रूढी लावावी, आणि ते घराणे आचाराने पुरेसे हिंदू झालेले दिसले तर हिंदू कायदा लावावा.

‘पुरेसे हिंदू’ हे मोजायचे कशाने? ब्राह्मण बोलावतो का, मृताला पुरतो की जाळतो, सण कोणते पाळतो, जानवे घालतो का, असे प्रश्न साक्षीदाराला विचारले जात. धर्माकडे पाहण्याची ही रीत अपुरी आहे, हे म्हटले पाहिजे. शेजाऱ्याचा सण आपला मानणे हा झाडीपट्टीत धर्मांतराचा पुरावा नसून शेजारधर्माचा असतो. गोंडाच्या घरी पोळा साजरा होतो म्हणून त्याचे पेन, म्हणजे देव, बदलत नाहीत. कोर्टाला मात्र एका रकान्यात खूण करायची होती. ज्या धर्मांना ग्रंथ, पुरोहित आणि मंदिर आहे त्यांच्या मापाने ग्रंथाविना जगणाऱ्या धर्माची परीक्षा झाली, आणि त्या मापात जे बसले नाही ते एक तर दुसऱ्याच्या धर्मात घातले गेले किंवा न्यायाधीशाच्या विवेकावर सोडले गेले. तो विवेकही कुणाचा, हा पुढचा प्रश्न आहेच. १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले होते की न्याय, समन्याय आणि सद्‌सद्विवेक यांचा अर्थ हिंदी समाजाला आणि परिस्थितीला लागू पडतील तेवढे इंग्रजी कायद्याचे नियम असा घ्यावा. म्हणजे झाडीतल्या माणसाच्या सद्‌सद्विवेकाचा मजकूर वेस्टमिन्स्टरमध्ये ठरत होता.

तरीही या व्यवस्थेचे एक ऋण मान्य करावे लागते. पेशवाईतल्या आणि भोसल्यांच्या काळातल्या निवाड्यांत शास्त्रीबोवांचे मत मोठे असे. नव्या कोर्टात कोतवाल, पाटील, जातीतला म्हातारा माणूस यांची साक्ष शास्त्रीबोवांच्या वचनाला जड जाऊ शकत होती. ज्या माणसाला धर्मशास्त्र ऐकण्याचाही अधिकार नव्हता त्याचे वागणे आता धर्माचा आधार म्हणून नोंदले जात होते. ही नोंद दुधारी होती. जमाबंदीच्या वेळी गावागावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रिवाजांच्या नोंदपत्रात, निस्ताराचे (रोजच्या गरजांसाठीच्या सामाईक वापराचे), तळ्याच्या पाण्याचे, जंगलातल्या लाकडाचे रिवाज लिहिले गेले. त्याने गरिबाच्या हक्काला कागद मिळाला, आणि त्याच कागदाने त्या रिवाजाची वाढही थांबवली. रूढी तोंडी असते तेव्हा ती पिढीबरोबर बदलते. एकदा निकालात गेली की ती त्या दिवशी होती तशीच गोठते.

नागपूरच्या वकिलांना हा पेच चांगला ठाऊक होता. सागरचे हरिसिंग गौर नागपुरात वकिली करीत असताना त्यांनी हिंदू कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि १९२३ मध्ये केंद्रीय विधिमंडळात नागरी विवाहाच्या कायद्यात दुरुस्ती घडवून आणली. १८७२ च्या मूळ कायद्याखाली लग्न करणाऱ्याला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताही धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. गौर यांच्या दुरुस्तीने हिंदूंना आपला धर्म न नाकारता असा विवाह करता येऊ लागला. जाहीर करणे आणि असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ही जाणीव त्या दुरुस्तीच्या मुळाशी होती. हीच जाणीव पुढे तीस वर्षांनी भंडारा-गोंदियाच्या एका प्रकरणात न्यायालयाच्या तोंडून बोलली गेली.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा लोकसभा मतदारसंघात दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर गोंदियाचे काँग्रेस नेते चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. त्यांच्या निवडीला आव्हान मिळाले. एक कारण विडीच्या धंद्यातल्या भागीदारीचे आणि सरकारशी असलेल्या पुरवठ्याच्या कराराचे होते. दुसरे कारण आपल्या विषयाचे आहे. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज फेटाळला गेला होता. ठवरे जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतली होती. जो महानुभाव झाला तो महार राहिला नाही, असा आक्षेप होता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. बोस नागपूरचेच. त्यांचे आजोबा सर बिपिन कृष्ण बोस नागपूरचे नामांकित वकील आणि नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. नातू १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाच्या पहिल्या न्यायमूर्तींत होता, पुढे तिथेच मुख्य न्यायमूर्ती झाला आणि १९५१ मध्ये दिल्लीला गेला. पक्षकार झाडीपट्टीतले, पंथ विदर्भाच्या मातीतला आणि न्यायाधीशही त्याच मातीत घडलेला, असा हा योग होता.

महानुभाव पंथ हा या प्रश्नासाठी कसोटीचा दगडच आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी उभ्या केलेल्या या पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ मानतात. देवतांची उपासना मोक्ष देत नाही, मोक्ष फक्त परमेश्वर देतो, असे त्याचे सांगणे आहे. वेदांचे प्रामाण्य आणि जातीचा भेद तो नाकारतो. ग्रंथाच्या मापाने पाहिले तर अशा पंथात गेलेल्या माणसाची जात उरूच नये. बोस यांनी ते माप लावले नाही. त्यांनी तीन गोष्टी पाहायच्या ठरवल्या : जुन्या समाजाची प्रतिक्रिया काय, त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू काय, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. महार समाजाने ठवरे यांना बाहेर टाकले नव्हते. त्यांचे सोयरसंबंध समाजातच होते आणि त्यांनी स्वतःही आपले महारपण सोडल्याचे म्हटले नव्हते. पंथाच्या गृहस्थ अनुयायाला जुने सामाजिक नाते तोडावे लागत नव्हते. जुना समाज सहिष्णू असेल आणि व्यक्तीला ते नाते ठेवायचे असेल तर या कामापुरते धर्मांतर नाममात्र ठरते, असा निष्कर्ष निघाला.

या निकालातला सर्वांत खोल मुद्दा आणखी एक आहे. १८६३ च्या अब्राहम खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले होते की ख्रिस्ती झालेला माणूस आपला जुना कायदा सोडू शकतो किंवा धरूनही ठेवू शकतो, निवड त्याची. बोस यांनी ते तत्त्व घेतले आणि त्यात भर घातली. राखीव जागा हा एका व्यक्तीचा हक्क नाही, आपल्यातला एक माणूस संसदेत पाठवण्याचा तो समाजाचा हक्क आहे. म्हणून केवळ व्यक्तीच्या निवडीकडे पाहून भागत नाही, त्या समाजाला तो आपला वाटतो का हेही पाहावे लागते. श्रद्धा व्यक्तीची असते, पण अस्पृश्यतेचे दुःख आणि त्यावरचा उतारा हे समाजाचे असतात, ही जाण त्या तर्कात आहे. पाऊणशे वर्षे साक्षीदारांना सणवार विचारत आलेल्या न्यायपरंपरेने इथे पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला, असे म्हणायला हरकत नाही.

ठवरे यांचा अर्ज अयोग्यरीत्या फेटाळला गेल्याचे ठरून निवडणूक रद्द झाली. त्याच वर्षी भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली आणि तीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः उभे राहिले. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून त्यांचा पराभव झाला. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली.

दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या दिवशी दीक्षा घेणाऱ्यांत नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी होते. मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे तेच अध्यक्ष होते आणि तिचा अहवाल त्याच वर्षी निघाला होता. दुसऱ्यांच्या धर्मांतराची कारणे तपासणाऱ्या माणसाने स्वतः धर्म बदलला. यात विसंगती शोधणारे शोधतील. धर्म ही विचार करून स्वीकारायची गोष्ट आहे, प्रलोभनाने किंवा जन्माने चिकटणारी नव्हे, असे मानणाऱ्याला मात्र ही दोन कामे एकाच वाटेवरची दिसतात. दीक्षेनंतर अठराव्या दिवशी नागपूरचे उच्च न्यायालय इतिहासजमा झाले.

दीक्षेने जुना प्रश्न नव्या रूपात उभा केला. महानुभाव झालेला महार राहतो, मग बौद्ध झालेला? १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेल्या एका उमेदवाराबाबत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने म्हटले की धर्म ‘मानणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे. जाहीररीत्या हिंदू धर्म सोडला की अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीतले स्थान संपते. पहिल्या निकालात वागण्याला आणि नात्याला वजन होते, या निकालात जाहीर शब्दाला. फरकाचे कारण उघड आहे. महानुभावाने जुने नाते तोडले नव्हते, आणि बौद्ध दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांनी ते तोडण्यासाठीच दीक्षा घेतली होती. त्या तोडण्याची शिक्षा म्हणून सवलत जावी का, हा प्रश्न मात्र न्यायालयाच्या हातात नव्हता. तो संसदेने १९९० मध्ये सोडवला आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात आणले.

गोंडांचा प्रश्न आणखी लांबला. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी रूढी आणि तिच्या अभावी विवेक हीच जुनी वाट राहिली. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्याचा निकाल दिला. मुलीच्या वारसांना आजोबांच्या जमिनीत वाटा हवा होता. खालच्या न्यायालयांनी मुलींना वाटा देणारी रूढी शाबीत करा, असे त्यांनाच सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ओझ्याची दिशा फिरवली. मुलींना वगळणारी रूढीही कुणी शाबीत केलेली नव्हती, आणि रूढी सापडत नसेल तर स्त्रीला वगळणे हे गृहीत धरता येत नाही. आधार म्हणून न्यायालयाने संविधानातील समानतेच्या हक्काबरोबर मध्य प्रांत कायदे अधिनियम, १८७५ चे सहावे कलम वापरले. तो कायदा तोवर रद्द झालेला होता, पण त्याखाली आधी जन्मलेले हक्क शाबूत होते. त्या कलमातला सद्‌सद्विवेक आता वेस्टमिन्स्टरचा राहिला नव्हता, आणि त्या जमिनीत मुलीच्या वारसांना बरोबरीचा वाटा मिळाला.